तांबड्या-पांढऱ्या काठ्या

रामनवमीला दुपारी सुंठवडा वाटून झाला की आजी मुळशीची गोष्ट काढायची. देवाचा पाळणा अजून हलत असायचा आणि आजी पोचलेली असायची १९२१ सालात. मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाची १६ एप्रिल ही तारीख मला पुढे पुस्तकांतून कळली. आजीच्या हिशेबात ते दिवस म्हणजे ‘राब भाजून झालं हुतं, पाऊस यायचा हुता’. ती तेव्हा नऊ वर्षांची. तिचं माहेर निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातलं. त्या दिवशी आईचा पदर धरून, फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून ती धरणाच्या जागेकडे चालत गेली.

हजाराच्या वर माणूस जमला होता. बायका पोरांना घेऊन पायाच्या चरात उतरल्या आणि बसल्या. ‘शिव्या द्यायच्या न्हाईत, दगुड उचलायचा न्हाई,’ असं पुण्याच्या मंडळींनी बजावलं होतं. कामावरचे मजूर पोटासाठी लांबून आलेले, त्यांनी घमेली खाली ठेवली आणि तेही सावलीला बसले. त्यांतल्या एका बाईने आजीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आजीच्या गोष्टीतला सत्याग्रह एवढाच होता. चर, ऊन आणि गूळ. गांधी, असहकार, मुंबई सरकार, टाटा कंपनी हे सगळं आम्ही मागाहून आणून तिच्या गोष्टीला जोडलं.

त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त आवडायची. धरणाची वार्ता फुटण्यापूर्वी गावात मोजणीवाले आले होते. त्यांनी भातखाचरांत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या रोवल्या. पोरांना वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडणार. पणजोबांच्या खाचरात एक काठी बरोबर मधोमध आली. औत कसं फिरणार? त्यांनी ती उपटली आणि नीट, न मोडता, बांधावर उभी केली. दुसऱ्या दिवशी काठी परत मधोमध. पणजोबांनी परत बांधावर नेली. असं काही दिवस चाललं. कुणी कुणाला काही बोललं नाही, कारण पणजोबा रानात असत तेव्हा मोजणीवाले दुसऱ्या शिवारात असत. आजी सांगायची, ‘बा म्हनायचा, मपल्या रानात कुनी काठी रोवली तर मला इचारंल का न्हाई?’ यावर ती खुदकन हसायची. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये, याचं तिला म्हातारपणीही हसू येई.

ती काठी कशासाठी होती हे सांगायला जरा मागे जावं लागतं. मुंबईच्या गिरण्या तेव्हा वाफेवर चालत. कोळसा यायचा बंगाल-बिहारच्या खाणींतून, अर्धा हिंदुस्थान ओलांडून. रेल्वेचं भाडं अंगावर, डबे वेळेवर मिळण्याची मारामार आणि शहरभर धूर. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि घाटाच्या कड्यावरून खाली बघितलं तर तळकोकण दीड-पावणेदोन हजार फूट खोल. पावसाचं पाणी माथ्यावर अडवायचं, बोगद्यातून आणि नळांतून कड्याखाली सोडायचं, त्या जोरावर जनित्रं फिरवायची आणि वीज तारांवरून मुंबईला न्यायची. कल्पना जमशेदजी टाटांच्या काळातली. ते १९०४ साली गेले, पण मुलाने, दोराबजींनी, ती तडीस नेली. १९१० साली पहिली वीजकंपनी निघाली, १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. मग आंध्र मावळातलं धरण, आणि १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली ती मुळशीसाठी.

या योजनेची खुबी अशी, की मुळेचं पाणी मूळचं पूर्वेकडे वाहणारं. मुळा पुण्याला मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणाने हे पाणी उलटं वळवलं. ते कडा उतरून कोकणात भिऱ्याला जातं, वीज करून कुंडलिकेत पडतं आणि अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला आज जे लोक रबरी होड्यांत बसून किंचाळत जातात, त्यांच्या खालचं पाणी भिऱ्याहून सुटलेलं, म्हणजे आजीच्या माहेरावरून आलेलं असतं. दुष्काळी वर्षी भीमेच्या खोऱ्यातून ओरड होते की हे पाणी आमचं, इकडे सोडा. शंभर वर्षांपूर्वीची वाटणी अजून मिटलेली नाही.

आता जमीन. पन्नासाच्या आसपास गावं आणि दहा हजारांवर माणसं पाण्याखाली जाणार होती. मुळशीचा आंबेमोहर तेव्हाही नावाजलेला. पुण्यात ज्या घरी तो शिजे तिथे शेजाऱ्याला कळायचं. अशी जमीन कुणी आपणहून देत नाही. कंपनीला ती दारोदार जाऊन मागावी लागली असती, आणि काहींनी ‘नाही’ म्हटलं असतं. पण मागावं लागू नये अशी सोय कायद्यात होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा सातवा भाग खास कंपन्यांसाठी. सरकारने कंपनीशी करार करायचा, पैसा कंपनीने भरायचा, जमीन सरकारने घ्यायची. अट एकच, काम लोकांच्या उपयोगाचं हवं. ते उपयोगाचं आहे की नाही हे ठरवणार कोण? सरकारच. आणि एकदा सरकारचा जाहीरनामा निघाला की जमीन त्या कामासाठी लागते याचा तोच निर्णायक पुरावा. त्यावर कोर्टात बोलायची सोय नाही.

वकिली शिकलेल्या एका मैत्रिणीने हा कायदा मला ओळीने वाचून दाखवला, तेव्हा मी एका जागी तिला थांबवलं. जमीनमालकाची मूळ हरकत ऐकून घ्यायचं कलम, पाच-अ, १९२३ च्या दुरुस्तीने आलं. म्हणजे मुळशीकर चरात बसले तेव्हा ते नव्हतंच. मोबदला किती यावर बोलता येत होतं, जमीन घ्यावी की नाही यावर नाही. जबरदस्तीने घेतो म्हणून बाजारभावावर शेकडा पंधरा जास्त मिळत. पणजोबांच्या ‘मला इचारंल का न्हाई’ची किंमत कायद्याने शेकडा पंधरा ठरवून टाकली होती.

टाटांना खलनायक करून ही गोष्ट सांगणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. बंगळूरची विज्ञानसंस्था यांच्याच देणगीतून उभी राहिली. साकचीच्या पोलाद कारखान्यात यांनी १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू केला, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत बाप्यांना कायद्याने बारा तास राबवता येत होतं. कायदा सांगत नसताना कामगाराचा विचार करणारी ही कंपनी. मग मावळ्याच्या, म्हणजे मुळशीच्या शेतकऱ्याच्या, दाराशी येऊन तिने विचारलं का नाही? मला वाटतं, कामगार कंपनीच्या कुंपणाच्या आत होता, मावळा बाहेर. बाहेरच्या माणसाशी बोलायचं काम सरकारने अंगावर घेतलेलं. कंपनी म्हणे, जमीन सरकार देतं, आम्ही पैसे भरतो. सरकार म्हणे, योजना कंपनीची, आम्ही फक्त कायदा चालवतो. दोघांच्या मध्ये जो उभा, त्याने कुणाची कॉलर धरायची?

राष्ट्रीय मंडळींचीही यात मोठी पंचाईत झाली. सरकार परकं, पण कंपनी स्वदेशी. विलायती कापडाच्या होळ्या करायच्या तर देशी गिरण्या चालल्या पाहिजेत, आणि गिरण्यांना वीज हवी. पुण्यात त्या वेळी सभांवर सभा झाल्या, न. चिं. केळकरांसारखे पुढारी त्यात होते, तरी मनातून अनेकांना वाटे की धरण होऊ द्यावं, मोबदला घसघशीत घ्यावा. गांधींनी ‘यंग इंडिया’त टाटांना जाहीर विनवणी केली. त्यांचा मुद्दा असा, की एका गरीब माणसाचाही नकार तुडवून हे वरदान येणार असेल, तर देशाला त्याचं मोल काय. बहुसंख्येचा हिशेब त्यांनी मांडलाच नाही, एकावर बोट ठेवलं. माझ्या मते त्या सगळ्या वादात नेमका प्रश्न त्यांनीच पकडला, जरी पुढे ते या लढ्यापासून लांब राहिले.

पहिल्या सत्याग्रहाने काम काही महिने थांबलं. डिसेंबरात परत सुरू झालं, लढाही परत सुरू झाला. मावळे आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक शेकड्यांनी तुरुंगात गेले. पांडुरंग महादेव बापट हे नाव घरोघर झालं ते इथेच. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीने दिली. पारनेरचा हा माणूस शिकायला एडिंबरोला गेलेला, पॅरिसहून बॉम्बची विद्या घेऊन परतलेला, आणि मुळशीत मात्र चरात बसलेला. पण १९२४ पर्यंत मावळ्यांचं बळ सरलं होतं. बसून काही होत नाही असं दिसल्यावर बापटांनी मूठभर सोबती घेऊन कंपनीच्या कामाची आगगाडी रुळांवर अडवली, हिंसाही झाली, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा लागली. आजीला हा भाग आवडत नसे. ‘आमाला दगुड उचलू दिला न्हाई, आन् आपुन?’ असं ती म्हणायची. थोरामोठ्यांच्या चरित्रांत या प्रश्नाचं उत्तर मी शोधलं. तिथे त्याग आहे, धैर्य आहे, उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट सत्याग्रहाच्या गौरवलेखांत सहसा येत नाही. ज्या जमिनीसाठी मावळे तुरुंगात गेले, तिच्यातली बरीचशी कागदोपत्री त्यांची उरलीच नव्हती. पुण्याच्या सावकारांकडे ती गहाण पडलेली किंवा खरेदीखताने गेलेली, मावळा आपल्याच वडिलांच्या जमिनीत कूळ म्हणून राबणारा. सावकाराला धरणाचं वाईट वाटायचं कारण नव्हतं. डोंगरातल्या जमिनीला एरवी मिळाला नसता असा भाव मिळत होता. त्यामुळे पुण्यात ‘जान किंवा जमीन’ म्हणणारे आणि ‘मोबदला वाढवून घ्या’ म्हणणारे अशा दोन तऱ्हा झाल्या, आणि दुसऱ्यांचा आवाज हळूहळू मोठा होत गेला.

पणजोबांच्या खाचरांचा पैसा असाच एका सावकाराच्या घरी गेला. त्याचं नाव आजीने कधी घेतलं नाही, ‘पेठेतला’ एवढंच म्हणायची. पणजोबांच्या हाती घराचे, दोन आंब्यांचे आणि एका फणसाचे पैसे आले. झाडं मोजायला आलेल्या कारकुनाने फणस लहान म्हणून लिहिला. पणजोबांनी त्याला थांबवून घेतलं आणि दोघा माणसांना खोडाला मिठी मारायला लावून दाखवलं की हात पुरत नाहीत. कारकुनाने खोडलं आणि मोठा लिहिला. त्या सगळ्या वर्षांत सरकारने त्यांचं ऐकलं ते या एका बाबतीत.

आजीचा थोरला भाऊ, आमचे तात्या, मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत लागले. आधी बदली म्हणून, मग साचेखात्यात कायम. म्हणजे ज्या विजेसाठी गाव बुडालं, तिच्यावर चालणाऱ्या साच्यांवर गावचा पोरगा. मी हे एकदा मोठ्या आवेशाने त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘मग काय, वीज घरचीच.’ गिरणीत कधी दिवे मंदावले की ते शेजारच्या साच्यावाल्याला सांगत, ‘आमच्याकडं पाऊस कमी दिसतोय यंदा.’ एका खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपत, तिथे तात्यांनी उमेदीची वर्षं काढली. पगार हातात पडे, युनियन होती, संप करता येत होता. ‘खाचरात व्हतो तवा सावकाराचा, हितं कुनाचा न्हाई,’ असंही ते म्हणत. बुडालेलं गाव म्हणजे स्वर्ग होता असं आमच्या घरात तात्यांसमोर कुणी बोलू शकत नसे.

तात्यांची गिरणी आता नाही. तिच्या जागी काचेची इमारत आहे, आणि ज्या रस्त्यावरून तिच्यात शिरतात त्याचं जुनं नाव तुळशी पाइप रोड. आजचं नाव सेनापती बापट मार्ग. गिरण्यांच्या विजेला अडवणाऱ्या माणसाचं नाव गिरण्यांच्या भिंतीला लागून गेलेल्या रस्त्याला देण्यात पालिकेने खोडी केली असेल असं वाटत नाही. नाव द्यायचं होतं, रस्ता होता. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरही आज कंपन्यांची कार्यालयंच कार्यालयं आहेत. खाली रिक्षावाले ‘एस. बी. रोड’ म्हणतात.

इंग्रज गेले तरी १८९४ चा कायदा गेला नाही. उलट तो आपल्याला फार सोयीचा वाटला. कानपूरला यंत्रांचे भाग करणाऱ्या एका खासगी कारखान्यासाठी सरकारने जमीन घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अरोरा खटल्यात सांगितलं की नुसता कारखाना निघाला म्हणजे लोकांचा उपयोग झाला असं नाही. लगेच १९६२ साली संसदेने कायदाच रुंद करून घेतला. १९७८ च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. हेतू जमीनदारांना रोखायचा होता, पण दोन एकरवाल्याचंही छत्र त्याबरोबर गेलं. २००६ साली सिंगूरला तोच कायदा, योगायोगाने पुन्हा टाटाच, आणि सरकार या वेळी शेतकऱ्या-कामकऱ्यांचं म्हणवणारं. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द केलं आणि जमीन परत करायला सांगितली. मुळशीत परत करायला जमीन वर यायला हवी.

अखेर २०१३ साली नवा कायदा झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ऐंशींची संमती हवी, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर सत्तरांची. पणजोबांच्या प्रश्नाला कायद्यात जागा मिळायला इतकी वर्षं लागली. तो १ जानेवारी २०१४ ला लागू झाला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला केंद्र सरकारने अध्यादेश काढून पाच प्रकारच्या कामांना संमतीतून सूट दिली. देशभर बोंब झाली, अध्यादेश पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो संपू दिला. मग काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून मागचं दार उघडलं. सरकारच्या स्वतःच्या कामासाठी तर ऐंशीही नको आणि सत्तरही नको. रस्ता, कालवा, रेल्वे आलं की हरकतीची सुनावणी होते, संमतीचा प्रश्न नसतो.

हे मला बारकाईने कळायचं कारण आमचे आप्पा. वडिलांचे धाकटे भाऊ, वय ऐंशीच्या पुढे, पौडच्या अलीकडे अजून स्वतः शेताच्या बांधावर जातात. त्यांच्या खाचरातून एक रस्ता आखलाय. नोटीस आली तेव्हा चुलतभावाने पेढे आणले. तो चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. भात परवडत नाही, आवणीला माणसं मिळत नाहीत, आजूबाजूच्या जमिनी बंगलेवाल्यांनी कधीच घेतल्या, आणि नव्या कायद्याने मिळणारी रक्कम बाजारभावापेक्षा बरी. त्याला उरलेल्या तुकड्यावर चार खोल्या बांधून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांची सोय करायची आहे. ‘आप्पा, पणजोबांना एका फणसाचे पैसे मिळाले, तुम्हाला खाचराचे मिळतायत,’ असं तो त्यांना म्हणाला.

आप्पांनी हरकतीचा अर्ज केला. मला सोबत नेलं. अधिकारी तरुण, बोलायला चांगला. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि विचारलं, ‘आजोबा, हरकत दराबद्दल आहे का?’ आप्पा म्हणाले, दराबद्दल नाही. रस्ता शंभर पावलं वरच्या अंगाने, माळावरून न्या, तिथे काही पिकत नाही. मग त्यांनी पिशवीतून वहीचा कागद काढला. त्यावर पेन्सिलीने खाचरं, ओढा, माळ, विहीर असं सगळं काढलेलं होतं आणि रस्ता त्यांना हवा तसा लाल पेनाने. अधिकाऱ्याने कागद उलटसुलट पाहिला, मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. म्हणाला, आखणी वरून होते, तरी मी टिपण ठेवतो. आप्पांनी ते टिपण त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि ओढ्याचं नाव चुकलं होतं ते दुरुस्त करायला लावलं.

पुढची तारीख लागली आहे. चुलतभाऊ म्हणतो, मीही येतो, पण मी दर वाढवून मागणार. आप्पा म्हणाले, मग तुझा अर्ज वेगळा कर, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे.